सूर्याचं म्हणणं

आमच्या दैनिकाच्या नगर कार्यालयात सूर्याला मज्जाव होता. खिडक्या पश्चिमेला आहेत, त्यामुळे दुपारनंतर ऊन थेट टेबलांवर यायचं, त्याला कोणाची हरकत नव्हती. पण बातमीत सूर्य आला की साळवेसर त्याला बाहेर काढायचे.

एखाद्या वार्ताहराने लिहिलेलं असायचं, ‘सूर्य आग ओकू लागल्याने नागरिक हैराण झाले आहेत.’ साळवेसर चष्मा कपाळावर चढवायचे, त्या वार्ताहराला फोन लावायचे आणि अगदी शांतपणे विचारायचे, “सूर्याचं म्हणणं घेतलं का?”

समोरचा गोंधळायचा. “कुनाचं, सर?”

“सूर्याचं. आग ओकतो म्हणून तुम्ही त्याच्यावर आरोप केलाय. ज्याच्यावर आरोप केला त्याची बाजू घ्यायची असते. घेतली का?”

“न्हाई, सर.”

“मग काढतो.”

आणि काढायचे.

बेंजामिन साळवे आमचे सर्वांत जुने उपसंपादक. मी इथे नोकरीला लागलो तो त्यांच्या हाताखाली. आता कागदोपत्री ते माझ्या हाताखाली आहेत. हे वाक्य लिहितानाही मला अवघडल्यासारखं होतं. मला आवृत्तीप्रमुख केलं त्या दिवसापर्यंत ते मला ‘विलास’ म्हणायचे. दुसऱ्या दिवसापासून ‘साहेब’ म्हणायला लागले. मी हाता-पाया पडलो, तेव्हा ‘विलासराव’वर तडजोड झाली. ते निवृत्त होऊनही काही वर्षं झाली. दर जूनमध्ये त्यांना वर्षाची मुदतवाढ मिळते, आणि ती मिळावी म्हणून वर शिफारस करायची असते मला. म्हणजे ज्याने मला काना-मात्रा शिकवली त्याच्या कामाबद्दल मी ‘समाधानकारक’ असं लिहितो.

साळवेसरांचा सूर्यावर राग होता असं नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. “तो रोज येतो, विलास. जो रोज येतो त्याची बातमी होत नाही.” सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या वेळा दिनविशेषाच्या चौकटीत छापायला त्यांची परवानगी होती. ग्रहणालाही होती, कारण ग्रहणात सूर्याला काहीतरी झालेलं असतं. बाकी ‘सूर्य मावळतीला झुकला’ असं आलं की ते समासात लिहायचे, ‘किती वाजता?’ ‘कोवळी उन्हं’ आली की लिहायचे, ‘काकडी कोवळी असते.’ ‘सूर्य डोक्यावर आला’ याच्यापुढे एकदा त्यांनी लिहिलं होतं, ‘कोणाच्या? नाव, वय, गाव.’

एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या निधनाची बातमी आली, तिचा मथळा होता, ‘शिक्षण क्षेत्रातील तेजस्वी सूर्य मावळला’. सर ती घेऊन माझ्या टेबलाशी आले. चेहरा गंभीर. “मावळलाय म्हणजे उद्या सकाळी परत येणार. घरच्यांना कल्पना दिली आहे का? दहाव्याची तयारी करून बसतील बिचारे.”

एका तरुण पुढाऱ्याला आमच्या माणसाने ‘तालुक्याच्या राजकीय क्षितिजावरील उगवता सूर्य’ म्हटलं. सरांनी भिंतीवरच्या नकाशावर त्या पुढाऱ्याचा गट शोधला. “हा तर पश्चिमेकडून निवडून आलाय,” म्हणाले, आणि सूर्य कापला.

त्यांची खरी लढाई होती ती राजूरच्या तळपाडे गुरुजींशी. गुरुजी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, आमचे तिथले वार्ताहर. माणूस भला, बातमी खरी, पण आडनावातच तळपणं असल्यासारखे गुरुजी सूर्याशिवाय पहिलं वाक्य लिहू शकत नसत. ‘सूर्यनारायण डोंगराआडून डोकावत असतानाच राजूर येथे पतसंस्थेची वार्षिक सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.’

सरांनी फोन लावला. स्पीकरवर, कारण सगळ्यांनी शिकावं अशी त्यांची इच्छा असायची.

“गुरुजी, सभा इतक्या पहाटे घेतली?”

“पहाटे कशाला, सर? अकरा वाजता.”

“मग सूर्य अकरा वाजता डोकावत होता?”

“आमच्याकडं डोंगर लई हायेत, सर. त्यो डोकावतच असतो.”

“सभासद आहे का तो?”

“कोन?”

“सूर्यनारायण. सभेला कशाला आला होता?”

गुरुजी म्हणाले, “सर, तुमी एकदा राजूरला या. सकाळी सकाळी या. मग काढा, काय काढायचं ते.”

सर कधी गेले नाहीत. गुरुजींनी कधी सूर्य सोडला नाही. पण एका पावसाळ्यात गंमत झाली. राजूरला झड लागली की दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही, तसा तो दिसेना, आणि गुरुजींनी बातमी पाठवली, ‘राजूर परिसराला सूर्यदर्शन दुर्लभ’. मी म्हटलं, आता पेटणार. सर मात्र खूश झाले. “ही बातमी! रोज येणारा आला नाही म्हणजे बातमी.” त्यांनी ती पहिल्या पानावर घेतली आणि गुरुजींचं नावही छापलं. गुरुजींनी तो अंक चौकटीत बसवून भिंतीवर लावला, असं नंतर कळलं.

या हट्टापायी एकदा मोठा घोळ झाला होता. मुलाच्या लग्नासाठी सर रजेवर चालले होते. जाताना त्यांनी पानं लावणाऱ्या ऑपरेटरला बजावलं, “मी नाही म्हणून चालू देऊ नका. सूर्य दिसला की काढा.” ऑपरेटर आज्ञाधारक. त्याने संगणकालाच तसं सांगून टाकलं. संगणकाने सगळ्या पानांवरून तो शब्द शोधून शोधून पुसला.

दुसऱ्या दिवशीच्या अंकात एका शाळेच्या मैदानावर विद्यार्थ्यांनी सामूहिक नमस्कार घातले. कृषी पानावर फुलाच्या तेलाचे भाव वधारले. वंशी नावाचे एक अधिकारी रुजू झाले. आणि पूर्वेकडच्या एका गावाच्या पाणीयोजनेचं उद्घाटन सरपंच भान यांनी केलं.

ती पानं मी तपासली होती. फुलाचं तेल मी वाचलं होतं आणि मला काहीही खटकलं नव्हतं.

सर रजेवरून परतले आणि त्याच दिवशी सरपंच दारात. पांढरा शर्ट, खांद्यावर उपरणं, हातात घडी केलेला अंक.

“साळवे कोन?”

सर उभे राहिले. चूक त्यांची नव्हती, ते नगरमध्येही नव्हते. पण म्हणाले, “मी.”

“मी सूर्यभान. तुमच्या पेपरात निस्ता भान झालो.”

“चूक झाली. दुरुस्ती छापतो.”

“छापा. पर एक बरं केलंत. भान ऱ्हाऊ दिलंत. सूर्य ठिवला अस्ता आन् भान काढलं अस्तं, तर गावात तोंड दाखवाया जागा नव्हती.”

सर इतके हसले की चष्मा खाली पडला. सरपंचांना चहा पाजला, स्टँडपर्यंत सोडायला स्वतः गेले. परत येऊन ऑपरेटरला म्हणाले, “माणसाच्या नावात असेल तर राहू द्या. आई-बापांनी ठेवलाय, आपण काढणारे कोण?”

हे सगळं मी इतक्या वर्षांत अनेकांना हसत हसत सांगितलंय. साळवेसर म्हणजे आमच्या कार्यालयाची करमणूक, असंच मी धरून चाललो होतो. त्यांच्या पत्नी, रूथबाई, दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांची निधनवार्ता सरांनी स्वतः लिहिली. नाव, वय, पश्चात पती आणि मुलगा. एक विशेषण नाही. अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी ते कामावर हजर होते. ‘जरा कोरडाच माणूस,’ असं आमच्यापैकी कोणीतरी म्हणालं. कोणीतरी म्हणजे मीच म्हणालो.

या वर्षी एप्रिलमध्ये एक बातमी आली. रस्त्याच्या कामावरची एक मजूर बाई भर दुपारी कोसळली आणि गेली. वार्ताहराने मथळाही पाठवला होता, ‘सूर्याने घेतला महिलेचा बळी’. मी तो वाचला आणि पुढे सरकवला. उन्हाळ्यात असे मथळे येतच असतात.

सरांनी फोन लावला. या वेळी स्पीकर बंद होता, आणि सूर्याच्या म्हणण्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. “कामावर सावलीला काही होतं का? पाणी किती लांब होतं? दुपारी काम थांबवायचं कोणाच्या हातात होतं? जा, विचारून या.”

तो मुलगा परत गेला आणि विचारून आला. शेड नव्हती. पाणी लांब होतं. दुपारीच उरकून घ्या, असं मुकादमाने सांगितलं होतं. सोबतच्या मजुरांनी नावानिशी सांगितलं. ठेकेदाराने फोन उचलला नाही, तेही सरांनी छापलं.

“सूर्याला कर्ता केलं की बाकीचे सगळे सुटतात,” सर मला म्हणाले. “व्याकरणाची चूक आहे ती, विलास. मी आजवर तेवढंच सांगतोय.”

त्या दिवशी ते चुकून मला विलास म्हणाले.

तो ठेकेदार आमचा जाहिरातदार निघाला. आमचे मालक सभ्य आहेत, आवाज चढवत नाहीत. त्यांनी मला फोन केला. “विलासराव, बाई उन्हाने गेली ना? मग ऊन लिहायचं. सूर्य काय जाहिराती बंद करत नाही.” मग म्हणाले, “उन्हाळ्याची पुरवणी काढतोय आपण. पहिल्या पानावर सूर्याचा लेख हवा. चांगला भरगच्च. साळव्यांना लिहू दे. नाही जमलं तर जूनपासून त्यांना विश्रांती देऊ. वयही झालंय.”

मी काय बोललो? मी म्हणालो, “हो, साहेब.”

हे सरांना सांगायला मला दुपार लागली. आधी चहा मागवला. मग हवापाण्याचं बोललो. मग म्हणालो, “सर, मालकांची इच्छा आहे की पुरवणीत सूर्यावर तुम्ही लिहावं.”

“आणि नाही लिहिलं तर?”

“तर मुदतवाढीचं जरा बघावं लागेल.”

“बघावं लागेल. कोणाला? या वाक्यात कर्ता कुठे आहे, विलासराव?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. “असू द्या,” म्हणाले. “तुमचाही नाइलाज असेल.”

एक कबूल करतो. त्यांनी नकार द्यावा असं मला फार वाटत होतं. त्यांनी कागद भिरकावावा, ताठ मानेने जिना उतरून जावं, आणि आम्ही मागून बघत राहावं. मालकांपुढे मला जे जमलं नव्हतं ते माझ्या वाटचंही त्यांनी करून टाकावं, अशी माझी अपेक्षा होती.

सरांनी कोरे कागद घेतले आणि तिथेच लिहायला बसले. एकदाही न थांबता लिहिलं. चहा निवायच्या आत लेख माझ्यासमोर होता.

‘नगर जिल्ह्यावर सूर्य कोपला आहे. सहस्ररश्मी भास्कर आग ओकत असून धरणीमाता होरपळून निघत आहे. रविराजाने डोळे वटारताच रस्ते ओस पडले आहेत…’

काही म्हणजे काही सुटलं नव्हतं. तापलेला तवा होता, अंगाची लाहीलाही होती, दिनकर होता, मार्तंड होता, आणि शेवटी हे सूर्यनारायण डोंगराआडून डोकावतही होते. जन्मभर कापलेलं सगळं त्यांनी जपून ठेवल्यासारखं परत दिलं होतं. ऑफिसातली पोरं भोवती जमून मोठ्याने वाचायला लागली. टाळ्या पडल्या. सरही त्यांच्यासोबत हसले.

लेख रविवारी छापून आला. सकाळीच राजूरहून फोन. “सर, डोळं भरून आलं! आज तुमी खरे लेखक झाला!”

“गुरुजी, डोंगराआडून डोकावण्याचं वाक्य तुमचं आहे,” सर म्हणाले. “न विचारता घेतलं, माफ करा.”

मला ते ऐकवेना. मी मनातून सरांवर रुसलो होतो. एवढं सोपं होतं तर इतकी वर्षं आम्हाला का छळलं, असंही वाटलं. मालकांसमोर ‘हो, साहेब’ म्हणणारा मी, आणि रुसलो होतो त्यांच्यावर.

सोमवारी दुपारी मालकांचा निरोप आला. लेख झकास, मुदतवाढ मंजूर. सर जेवायला घरी गेले होते. त्यांचा फोन बंद. थांबलो असतो तरी चाललं असतं, पण निदान चांगली बातमी तरी त्यांना आपण घरी जाऊन सांगावी, तेवढाच भार हलका होईल, म्हणून मी स्कूटर काढली आणि सावेडीला गेलो. दाराला कुलूप. शेजारच्या काकू गॅलरीतून म्हणाल्या, “साळवेकाका ना? दुपारचे ते कधीच घरी नसतात. कबरस्तानात बघा.”

“या उन्हात?”

“रोजचंच आहे त्यांचं.”

ख्रिस्ती कबरस्तानाच्या जुन्या भागात कडुनिंब आहेत. नव्या कबरी कुंपणाच्या कडेला, तिथे झाड नाही. माती पांढरी पडली होती, डोळे उघडत नव्हते. कडेच्या ओळीत साळवेसर एका कबरीशी उकिडवे बसले होते. डोक्याला रुमाल बांधलेला. हातात मोठी काळी छत्री होती, आणि ती त्यांच्या डोक्यावर नव्हती. हात लांब करून त्यांनी ती कबरीवर धरली होती. ते स्वतः उन्हात होते.

माझी चाहूल लागली तसे दचकले. “काय झालं? पानात काही चुकलं का?”

“नाही, सर. मुदतवाढ झाली. वर्षाची.”

“बरं झालं,” म्हणाले. छत्री तशीच.

मी विचारलं, “बाईंना ऊन लागू नये म्हणून…?”

“छे! तिला आता कसलं ऊन.” त्यांना माझा प्रश्न बाळबोध वाटला असावा. “हा दगड बघा ना. काळा ग्रॅनाइट. मुलाने, डेव्हिडने, पुण्याहून आणून हौसेने बसवला. मी म्हणत होतो, साधी शहाबादी बसव. ऐकलं नाही. दुपारी एवढा तापतो की हात ठेववत नाही. थोडा वेळ छत्री धरली की मग ठेवता येतो.”

“मग सर, संध्याकाळी येत जा ना. ऊन उतरल्यावर.”

“संध्याकाळी पानं असतात. आणि दुपारी मी घरी जेवायला जायचो. माझी वाट बघायची सवय आहे तिला. होती. मला आहे.”

मी खाली बसलो. पॅन्टमधून जमिनीचा चटका लागला. सर दगडाकडे बघत बोलत होते, एखादी बातमी सांगावी तसे.

“कामाचा दिवस बरा असतो. परत ऑफिसला जायचं असतं, म्हणून उठतो. सुट्टीच्या दिवशी पंचाईत होते. पुढे कुठे जायचं नसतं, मग उठवत नाही. मागच्या सुट्टीला वॉचमनने हाताला धरून उठवलं. चांगला माणूस आहे, पण रोज कोण उठवणार? म्हणून म्हटलं, लिहून टाकू. वर्षाची सोय झाली.”

मी काही न विचारता छत्री त्यांच्याकडून घेतली. त्यांनी ती सोडली, मनगट चोळलं.

“ऊन तिरकं येतंय. जरा अलीकडे घ्या,” म्हणाले. मी अलीकडे घेतली. “नावावर नको. नावाच्या खाली. तिथे हात ठेवतो मी.”

मी छत्री नावाच्या खाली धरली. सावली दगडावर पडली. रस्त्यावरून एक रिक्षा गेली. मग सरांनी तळहात दगडावर टेकवला आणि लगेच उचलला.

“अजून थोडं,” ते म्हणाले.